राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी

जुलै लागला की कोल्हापुरातली माणसं फुटा-इंचांत बोलायला लागतात. सकाळी दूध आणायला बाहेर पडलं की कट्ट्यावर पहिला प्रश्न असतो, "किती झाली?" काय किती झालं, हे कुणाला सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. "एकोणचाळीसला दोन इंच कमी हाय," असं उत्तर येतं आणि माणसं कामाला लागतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या आत्यानं. आत्या चौथी शिकलेली. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, ही व्याख्या तिला येणार नाही. पण चार दरवाजे उघडल्याची बातमी आली, की कुठल्या गल्लीनं सामान माळ्यावर चढवायला घ्यावं, हे ती बरोबर सांगते.

कोल्हापूरबद्दलची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सरकारी यंत्रणेनं मोजलेला एक आकडा लाखो माणसं रोज वाचतात, त्यावर विश्वास ठेवतात आणि त्यावर आपले निर्णय घेतात. भातगिरणीवाला पोती हलवतो, रिक्षावाला शिरोलीकडचं भाडं घ्यायचं की नाही ते ठरवतो, सुतारवाड्यातली कुटुंबं कपडे, रेशनकार्ड आणि पोरांची दप्तरं बांधून ठेवतात. लोक वाचत नाहीत, लोकांना कळत नाही, लोकांना सांगून उपयोग नाही, अशी जी कुरकूर कार्यालयांतून नेहमी ऐकू येते, तिला या शहरानं दर पावसाळ्यात उत्तर दिलेलं आहे.

मग वर्षाचे उरलेले आठ-नऊ महिने याच शहरात चावीला पाणी किती वाजता येणार, समोरचा रस्ता कुणी खोदला आणि तो कधी बुजवणार, घरफाळ्याचे पैसे आपल्या भागात कशावर गेले, हे का कळत नाही? माझा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती आहे. नदीची पातळी सांगता येते, तर नळाची वेळ सांगता येईल. काय लागतं ते आपल्याला माहीत आहे, कारण ते आपण करून बघितलेलं आहे.

पुराच्या आकड्यावर लोक विश्वास का ठेवतात, ते नीट बघण्यासारखं आहे. एक तर मोजण्याची जागा ठरलेली आहे. काल बंधाऱ्यावर मोजली आणि आज दुसऱ्या पुलावर, असं होत नाही. वेळ ठरलेली आहे आणि पाणी चढायला लागलं की तासातासाला आकडा येतो. सगळ्यांना एकच आकडा मिळतो, पालकमंत्र्यांना एक आणि कुंभार गल्लीला दुसरा असं नसतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बातमी वाईट असली तरी ती दडवली जात नाही. पातळी वाढली तर वाढली म्हणून सांगतात. ती सांगायला कुणाच्या हस्ते उद्घाटन लागत नाही, की पत्रकार परिषदेची वाट बघावी लागत नाही.

या यंत्रणेतही उणीव आहे, आणि ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्याला महागात पडली. पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. त्या आठवड्यात आकडा सगळ्यांना कळत होता, पण ५० फुटांच्या पुढं पाणी नेमकं कुठल्या घराच्या कितव्या पायरीवर येणार, हे कळत नव्हतं. पुष्कळ जण "२००५ ला हितपर्यंतच आलं होतं" या हिशेबावर घरात थांबले आणि नंतर बोटीतून बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा तेवढंच चढलं, तेव्हा माणसं जास्त शहाणी झालेली होती. म्हणून आकडा जाहीर केला की काम संपलं, असं नाही. तो आकडा माझ्या उंबऱ्यापर्यंत आणून द्यावा लागतो. पारदर्शकता हा शब्द आपण फार वापरतो, पण त्याचा हा दुसरा अर्धा भाग बहुतेक वेळा विसरतो.

आता एका गल्लीतली गोष्ट सांगतो. गल्ली आमचीच.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी साडेसहाला खोदायला सुरुवात झाली. दोन फूट रुंद आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चर. माती दोन्ही बाजूंच्या दारांत. ज्यांच्या गाड्या आत होत्या त्या आतच राहिल्या. खोदणारी पोरं परजिल्ह्यातली होती, त्यांना विचारलं तर "साहेब येतील, त्यांना विचारा." साहेब काही आले नाहीत. गल्लीत दुपारपर्यंत चार मतं तयार झाली. कुणी म्हणालं गॅसची लाईन, कुणी म्हणालं ड्रेनेज, कुणी केबल, आणि एक जण ठामपणे सांगत होता की नवीन पाण्याची लाईन आहे, त्याच्या मेहुण्यानं सांगितलंय. फलक नाही, पट्टी नाही, नाव नाही, फोन नंबर नाही. तिसऱ्या दिवशी चर तसाच ठेवून ती पोरं दुसरीकडं निघून गेली.

समोरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. दर दोन दिवसांनी त्यांना व्यायामासाठी न्यावं लागायचं. रिक्षा दारापर्यंत येईना, चरावर टाकलेली फळी हलायची. चौथ्या दिवसापासून त्यांनी जाणंच सोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा उंबऱ्यात खुर्ची टाकून चराकडं बघत बसल्या होत्या. मला वाटलं रागावतील. तसं काही नाही. एवढंच म्हणाल्या, "किती दिवस चालणार तेवढं जरी सांगितलं असतं ना, तर मी इचलकरंजीला लेकीकडं जाऊन राहिले असते की."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या काकूंचा खोदायला विरोध नव्हता. शहर म्हटलं की खोदावं लागतं, हे त्यांना कळतं. त्यांना एक तारीख पाहिजे होती, म्हणजे आपलं आपण बघता आलं असतं. ती तारीख कुणाकडं तरी होती. कामाचा आदेश निघताना मुदत लिहावीच लागते. ती फायलीत होती, आणि फाईल व काकूंचा उंबरा यांच्यामध्ये तो चर होता. तेवीस दिवस राहिला तो.

रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी काय लिहावं, यात शोधून काढण्यासारखं काही नाही. काम कशाचं, खर्च किती, ठेकेदार कोण, देखरेख करणारा अभियंता कोण, सुरू कधी, पूर्ण कधी, आणि दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत. हा शेवटचा शब्द जड आहे, पण नागरिकाच्या सर्वांत कामाचा आहे. रस्ता केल्यावर करारात ठरलेल्या मुदतीपर्यंत तो खराब झाला, तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं करायची असते. आपल्या दारातल्या रस्त्याची ती मुदत अजून चालू आहे की संपली, हे किती जणांना माहीत आहे? मुदत चालू असताना पडलेला खड्डा आपल्याच घरफाळ्यातून बुजवला गेला, तर ते कळायला काही मार्गच नाही. चार बाय तीनचा पत्र्याचा फलक आणि त्यावर सात ओळी, एवढ्यानं गल्लीतला प्रत्येक रिकामा निवृत्त माणूस फुकटातला देखरेख अधिकारी होतो. असे निवृत्त लोक कोल्हापुरात प्रत्येक पेठेत पाच-पन्नास आहेत आणि त्यांना असं काम पाहिजेच असतं.

पाण्याच्या सूचनेकडंही जरा बघू. ती साधारण अशी असते: अमुक उपसा केंद्राकडील तांत्रिक कारणास्तव ए, बी वॉर्ड व त्यास संलग्नित उपनगरांमध्ये पाणीपुरवठा होऊ शकणार नाही, दुसऱ्या दिवशीचा पाणीपुरवठा अपुऱ्या व कमी दाबाने होईल, तरी नागरिकांनी उपलब्ध पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे. यात खोटं काहीच नाही. पण सकाळी पाच वाजता बादल्या लावून बसलेल्या बाईनं यातून काय घ्यायचं? आपण ए वॉर्डात की ई वॉर्डात, हे जुन्या शहरातल्या माणसाला घराच्या प्रॉपर्टी कार्डावरून ठाऊक असतं, भाड्यानं राहणाऱ्याला नसतं. संलग्नित उपनगरं म्हणजे कोणती? अपुरा म्हणजे अर्धा तास की दहा मिनिटं? तांत्रिक कारण म्हणजे मोटार जळाली, वीज गेली की जलवाहिनी फुटली? मोटार जळाली असेल तर तीन दिवस लागतील, वीज गेली असेल तर संध्याकाळपर्यंत येईल, हे आपल्याकडच्या बायकांना चांगलं कळतं. कारण सांगितलं तर त्या पुढचं नियोजन स्वतः करतात. टँकरला फोन करायचा, की शेजारच्या बोअरवर भागवायचं, की धुणं उद्यावर ढकलायचं.

हीच सूचना दोन ओळींत सांगता येते. "शिंगणापूरची मोटार बिघडली आहे. उद्या, मंगळवारी, या या गल्ल्यांना पाणी नाही. बुधवारी सकाळी सहा ते साडेसहा येईल. बदल झाला तर आज रात्री नऊला सांगू." शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अंदाज चुकतो, त्याबद्दल कुणी फाशी देत नाही. पण चुकल्यावर पुन्हा सांगायला यायची वेळ ठरलेली असली, की माणूस त्या वेळेपर्यंत शांत राहतो. पुराच्या काळात तेच तर होतं.

थेट पाईपलाईनचं उदाहरण प्रत्येक कोल्हापूरकराच्या मनात आहे म्हणून ते टाळता येत नाही. काळम्मावाडी धरणातून पन्नासहून अधिक किलोमीटर जलवाहिनी टाकून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पाणी आणायचं. मंजुरी २०१३ ची, कामाला सुरुवात २०१४ ला, आणि पाणी पुईखडीला पोचलं ते २०२३ च्या दिवाळीत. या नऊ-दहा वर्षांत या शहरानं किती तारखा ऐकल्या, ते मोजायला कुणीतरी बसावं. मला त्या उशिराबद्दल इथं बोलायचं नाही. वनखात्याची परवानगी, रस्त्याकडेची जागा, धरणातलं जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीचं काम, दोन महापूर, करोना, अडचणी खऱ्याच होत्या. बोलायचं आहे ते तारखांबद्दल. "या दिवाळीला" म्हणून सांगायचं, दिवाळी गेली की गप्प बसायचं आणि पुढच्या दिवाळीआधी नवी दिवाळी सांगायची. मधल्या काळात दर महिन्याला एक पान निघालं असतं की इतके किलोमीटर पाईप टाकून झाली, इतके राहिली, या ठिकाणी या कारणानं अडलंय, तर शहरानं ती वर्षं वेगळ्या पद्धतीनं सोसली असती. काय अडलंय ते कळल्यावर कोल्हापूरची माणसं मदतीला धावतात, हा अनुभव आहे. नुसतं थांबा म्हटलं की टोमणे मारतात, हाही अनुभव आहे.

आणि टोल. सुमारे ५० किलोमीटरचे अंतर्गत रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, तीस वर्षांची वसुली. करार झाला तेव्हा त्यातल्या अटींवर चौकाचौकांत चर्चा झाली नाही. ती झाली नाके उभे राहिल्यावर. मग प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर आली, मोर्च्यांवर मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले आणि २०१५ संपता संपता राज्य सरकारला टोल बंद करावा लागला. त्या लढ्याचा मला अभिमान आहे, नाके पेटवण्याचं समर्थन मात्र मी तेव्हाही केलं नव्हतं. पण एवढं सगळं करून शहरानं जे मिळवलं, त्यातला मोठा भाग करारावर सही होण्याआधी तीन जाहीर सभांत मिळाला असता, असं मला मनापासून वाटतं. तीस वर्षं वसुली, अमुक दर, अमुक जागा बदल्यात, हे मराठीत दोन पानांवर छापून प्रत्येक तालमीच्या फलकावर लावलं असतं तर शहरानं तेव्हाच नाही म्हटलं असतं. कुणाचाच पैसा त्यात अडकला नसता.

आपल्याकडं मोर्चाला फार महत्त्व आहे. घागर मोर्चा, धडक मोर्चा, ठिय्या, निवेदन. मी स्वतः अनेकदा गेलोय आणि पुढंही जाईन. पण कुठलंही निवेदन काढून बघा, त्यातली पहिली मागणी खुलासा करण्याची असते. माणसं उन्हात घोषणा देत येतात ती आधी माहिती मागायला. पहिलं दार बंद आहे म्हणून ती शेवटच्या दाराशी येतात.

कायद्यात हे पहिलं दार कधीचं उघडलेलं आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ म्हटलं की आपल्याला दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवस आठवतात. पण त्या कायद्याचं चौथं कलम अर्जाच्या आधी येतं आणि ते अर्जाची गरजच पडू नये म्हणून आहे. कार्यालयानं आपणहून माहिती प्रसिद्ध करायची. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित तथ्यं द्यायची. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला कारणं सांगायची. माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात जी पद्धत सर्वांत उपयोगी पडेल त्या पद्धतीनं पोचवायची, म्हणजे सूचनाफलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, इंटरनेट, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. कारणं सांगायची असा कायदा असताना "तांत्रिक कारणास्तव" हे दोन शब्द वीस वर्षं टिकून आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यावर अधिकारी एक बाजू मांडतात आणि ती ऐकून घेतली पाहिजे. माहिती अधिकाराचा धंदा करणारी माणसं आहेत. एका बांधकामाची कागदपत्रं मागवायची आणि मग बिल्डरकडं जायचं, हे प्रत्येक शहरात घडतं, आपल्याकडंही घडत असणार. पण या धंद्याला भांडवल कशाचं मिळतं? कागद मिळायला अवघड असण्याचं. बांधकाम परवाने, पूररेषेचे नकाशे, ठेक्यांची बिलं जर सगळ्यांना उघड बघता आली, तर ती मागवून आणणाऱ्याकडं विकायला काय उरणार? नदीकाठच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत कुठलं बांधकाम कुठल्या अटीवर मंजूर झालं, हे फ्लॅट घेणाऱ्या माणसाला पैसे भरण्याआधी कळायला पाहिजे. गॅलरीत होडी आल्यावर कळून त्याचा काय उपयोग?

आता एका अशा मुद्द्याकडं येतो, ज्याच्याबद्दल आपण शहरातली माणसं बोलतच नाही. हद्दवाढ. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, १९७२ मध्ये तिची महापालिका झाली, आणि तेव्हापासून शहराची हद्द एक इंचही वाढलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर, तेवढंच. आजूबाजूची गावं यायला तयार नाहीत. आपण म्हणतो त्यांना घरफाळा चुकवायचाय, शेतीची काळजी आहे, गावातलं राजकारण आहे. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं, प्रश्न तिथंच राहिला.

गावातल्या माणसाशी मी या विषयावर बोलतो तेव्हा मला आणखी एक गोष्ट ऐकू येते. ग्रामपंचायतीच्या कायद्यानं वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात नाहीतर देवळात सभा बसते. गणपूर्ती होत नाही, आरडाओरडा होतो, कधी कधी खुर्च्या उडतात, सगळं मान्य. पण पाचगावचा किंवा उचगावचा कुणीही मतदार उभा राहून ग्रामसेवकाला विचारू शकतो की दिव्यांचे पैसे कुठं गेले, आणि ग्रामसेवकाला कागद काढावा लागतो. तोच माणूस उद्या शहराच्या हद्दीत आला, तर त्याची ग्रामसभा जाणार. बदल्यात त्याला काय मिळणार? घरफाळा किती वाढेल, पाणी किती वर्षांत येईल, कचऱ्याचा टिपर किती दिवसांनी येईल, हे त्याला कुणी लिहून दिलेलं नाही. आपल्या गल्लीला तेवीस दिवसांत एकही उत्तर मिळालं नाही, हे बघून तो आपल्यात का यावा?

शहरासाठीही ग्रामसभेसारखी तरतूद आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. महाराष्ट्रानं २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्र सभा आणली. काही मतदान केंद्रांचे मतदार मिळून एक क्षेत्र, त्यांची सभा, नगरसेवक अध्यक्ष, आणि भागातली कामं कोणती आधी घ्यावीत हे लोकांनी सांगायचं. तुमच्या गल्लीत क्षेत्र सभेची दवंडी आल्याचं कुणाला आठवतंय का? मला तरी आठवत नाही. राज्यातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. हद्दवाढ पाहिजे असणाऱ्या प्रत्येकानं आधी क्षेत्र सभेसाठी भांडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या गावाला बोलावण्याआधी आपलं घर दाखवण्यासारखं असावं.

क्षेत्र सभेची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. २०१५ च्या निवडणुकीत ८१ प्रभाग आणि ८१ नगरसेवक होते. २०११ च्या जनगणनेची ५,४९,२३६ ही लोकसंख्या धरली तर एका नगरसेवकामागं साधारण ६,८०० माणसं. त्याचं घर ठाऊक, त्याची तालीम ठाऊक, सकाळी दारात जाऊन बसता यायचं. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. सर्वसाधारण सभा नाही, स्थायी समिती नाही, विषयपत्रिकेवर वादावादी नाही. ठराव व्हायचे, पण त्यावर कोण काय बोललं हे छापून यायचं बंद झालं, कारण बोलणारंच कुणी नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, ती चार-चार सदस्यांच्या प्रभागांची. वीस प्रभाग, एकोणीस चौघांचे आणि एक पाच जणांचा. म्हणजे एका प्रभागात सत्तावीस हजारांच्या आसपास माणसं आणि चार नगरसेवक. गटार तुंबली तर चौघांपैकी कुणाकडं जायचं? एक म्हणणार ते माझ्या बाजूला येत नाही, दुसरा म्हणणार निधी त्याच्याकडं आहे. चौघांना एका वेळी एका ठिकाणी लोकांसमोर बसवणारी सभा नसेल, तर प्रश्न चौघांच्या मधून खाली पडेल.

सभागृह आता पुन्हा भरलंय, म्हणून हे सगळं आत्ता लिहावंसं वाटलं. निवडणुकीत सगळ्यांनी पाणी, रस्ते, कचरा याबद्दल आश्वासनं दिली. ती पूर्ण व्हायला पैसा लागेल, वेळ लागेल. सांगायला मात्र फारसं काही लागत नाही. गल्लीनिहाय पाण्याचं वेळापत्रक, प्रत्येक कामावर फलक, तक्रारीला नंबर आणि तो नंबर कुठल्या टेबलावर आहे याचं उत्तर, सभेची विषयपत्रिका आठवडाभर आधी लोकांच्या हातात. कर्मचाऱ्याकडं फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडून राहू नये, असा राज्याचा २००५ चा कायदाच आहे. मग ती कुठं अडली आहे हे सांगायला लाज कसली? कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी (म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटर) आणि दुधाळीच्या १७ एमएलडी सांडपाणी केंद्रांत आज किती पाणी शुद्ध झालं आणि जयंती नाल्यातून किती तसंच नदीत गेलं, हा एक आकडा पंचगंगेच्या पातळीसारखा रोज जाहीर झाला, तर वर्षभरात नदीबद्दलचं आपलं बोलणं बदलून जाईल.

एक भीती खालच्या कर्मचाऱ्यांची असते, तिची मला काळजी वाटते. पाणी सोडायला येणारा माणूस गल्लीत शिव्या खातो. त्याला स्वतःलाच माहीत नसतं की वरून पाणी का कमी आलं. त्याच्या हातात लोखंडी किल्ली असते आणि समोर तीस घागरी. टिपरवरची बाई, वसुलीला येणारा पोरगा, वॉर्डातला कनिष्ठ अभियंता, हे सगळे वरच्यांनी न सांगितलेल्या गोष्टींचा मार खातात. वर बसलेल्यांना वाटतं माहिती दिली की तक्रारी वाढतील. वाढतील, पहिले सहा महिने नक्की वाढतील. पण त्या योग्य टेबलावर जातील, पाण्याच्या माणसाच्या अंगावर जाणार नाहीत. त्याला सकाळी निघताना एक ओळ सांगायला दिली पाहिजे आणि ती सांगायची परवानगीही. आज विचारलं तर तो म्हणतो, "आमाला बोलायची परवानगी न्हाई."

हा सगळा विचार करताना मला या शहराच्याच एका जुन्या कागदाची आठवण होते. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला. त्या हुकमाचं मोठेपण सगळ्यांना माहीत आहे. मला त्याची बांधणीही बघावीशी वाटते. आकडा स्पष्ट, शंभरात पन्नास. ज्या कार्यालयात प्रमाण कमी आहे तिथं पुढची जागा कुणाला द्यायची, तेही स्पष्ट. आणि शेवटी सर्व खातेप्रमुखांना सांगितलं आहे की नेमणुकांचं पत्रक दर तिमाहीला पाठवा. काय करायचं, किती करायचं, कुणी करायचं आणि झालं की नाही ते कधी सांगायचं, हे सगळं एका लहानशा हुकमात आहे. ती सवय याच मातीतली आहे.

आमच्या गल्लीतला चर तेवीस दिवसांनी बुजला. रविवारी दुपारी एक गाडी आली, काँक्रीट ओतलं आणि तासाभरात निघून गेली. तेव्हाही कुणी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं. काकू उंबऱ्यातून बघत होत्या. त्यांच्या शेजारचा सातवीतला पोरगा ओल्या काँक्रीटजवळ जाऊन बसला आणि काडीनं त्यानं त्या दिवसाची तारीख लिहिली. वर्ष धरून, पूर्ण. आईनं त्याला ओरडून घरात बोलावलं. पण ती तारीख वाळली, आणि आमच्या गल्लीतला रस्ता कधी केला एवढं तरी आता तिथं वाचता येतं.